पहिली हाक

२ फेब्रुवारी
संसार सुरू झाला! दोन खोल्या, लांबुळकं स्वयंपाकघर आणि जिन्यात ताज्या रंगाचा वास. पिवळे पडदे मी पसंत केले, ह्यांनी उलटे लावले. मी इतकी हसले की खालच्या मजल्यावरचा शिंपी डोकावून गेला. आतल्या खोलीत धाकटे दीर आहेत, जरा आजारी. घरात सगळे त्यांना शेंडेफळ म्हणतात. मला बघून भावजी पांघरुणातूनच गोड हसले. माणसं चांगली आहेत.

७ फेब्रुवारी
आजार काय ते आज कळलं. पाय मोडला तेव्हा दुखण्यावर दिलेल्या गोळ्या पाय सांधला तरी सुटल्या नाहीत. आता बंद केल्यात, तर सारख्या जांभया, नाक गळतं, अंगावर काटा, पाय आपोआप झाडले जातात. हे कामावरून येऊन तासन्‌तास त्याचे पाय चेपतात. दिवसभर उभं राहून माझेही पाय दुखतात, पण मी कुठे शेंडेफळ आहे! दारातून पहिली हाकही त्यालाच. आहेस का, असं विचारायचं. आतून 'आहे' आलं की मगच चपला काढायच्या. माझी आठवण प्यायला पाणी हवं असलं की.

१६ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्रास ओसरला म्हणून निर्धास्त राहू नका, म्हणाल्या. शरीराची जुनी सवय आता मोडली आहे. पूर्वीइतक्याच गोळ्या एकदम घेतल्या तर श्वास बंद पडेल. जड घोरणं ऐकू आलं, हाकेला ओ आली नाही, तर झोप समजू नका. गोळ्यांचा असर उतरवणारा हा स्प्रे देऊन ठेवते, तो नाकात मारा आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा. तल्लफ आवरायला जिभेखाली ठेवायचं औषध सोमवारी सुरू करणार आहेत.
स्प्रे ह्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला, अगदी छातीशी. माझा फोटो पाकिटात, तोही मागच्या खिशात. अंगाचा तिळपापड झाला.

२३ फेब्रुवारी
सोमवारची वेळ मी पुढे ढकलायला लावली. सिनेमाची तिकिटं काढली होती ना! निम्मा सिनेमा हे बाहेर उभे राहून फोनवर त्यालाच 'आहेस?' विचारत होते. जळते मी. हो, जळते. लग्न माझ्याशी केलंय की त्याच्याशी?

२६ फेब्रुवारी
माळा झाडताना त्याच्या जुन्या बुटांत गोळ्या सापडल्या. लपवून विसरला असणार. ह्यांना सांगावं तर पुन्हा ह्यांचा मुक्काम त्याच्या उशाशी. नाही सांगितलं. बूट तसेच, गोळ्यांसकट, त्याच्या पलंगाखाली नेऊन ठेवले. बूट त्याचेच आहेत, मी काही दिलेलं नाही. एकदा घसरला की व्यसनमुक्ती केंद्रात पाठवतील. मग घर आमचं.

२८ फेब्रुवारी
शर्ट धुवायला टाकताना खिशातून स्प्रे काढला. माझ्या शिवणाच्या डब्यात ठेवला. घाईत ह्यांच्या लक्षातही आलं नाही. एक दिवस तरी ती जागा रिकामी असू दे.

दुपार
त्याच्या दाराशी बूट उपडे पडलेत. आत काही नाही.
घोरतोय. भिंतीतून ऐकू येतंय. झोप लागली असेल —
जड आहे. मध्येच थांबतं, पुन्हा सुरू होतं. दार उघडायला हवं. डबा मांडीवर घेऊन बसलेय, आणि —

थांबलं.

किती शांत. लग्न झाल्यापासून घर इतकं शांत कधी —

हे आले. जिन्यातून हाक. त्यालाच.
पुन्हा.
'आहे' नाही —

आता मला. माझं नाव. इतक्या जिवाच्या आकांताने मला कधीच —
ओ द्यायला हवी. झाकण निघत नाही — हे स्प्रे शोधतायत, खिसा चाचपतायत, कसं सांगू की तो माझ्याच