जावईबापूंची भिंत

झिंडेलफिंगेन, ५ जून २०१६

सौ. द्रौपदीताई यांना,
स. न. वि. वि. आणि जयभीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि या फ्लॅटमध्ये मला ओरडता येत नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दाराला आधीच एक चिठ्ठी लावली आहे. म्हणून पत्र. मी सुखरूप पोचले. शमिका मजेत आहे. तुमची जवसाची चटणी विमानतळाच्या पार्किंगमध्येच उघडली गेली, कारण तुमच्या चिरंजीवांना घरापर्यंत धीर धरवेना.

आता चिरंजीवांविषयी. आठवडाभर ते कारखान्यात गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या तपासतात आणि सुटीच्या दिवशी डोक्यावर पिंजरा, खांद्यांवर प्लास्टिकचे पत्रे चढवून अमेरिकन फुटबॉल खेळतात, हे मला इथे येईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. संघाचं नाव कायलर, म्हणजे रानडुकरं. नावात फुटबॉल असला तरी पाय फक्त पळायला. बदामाच्या आकाराचा चेंडू घेऊन पुढे जायचं. एक तर तो छातीशी धरून पळत सुटायचं, नाही तर लांब उभ्या असलेल्या आपल्या माणसाकडे फेकायचा. किती पुढे गेलं ते यार्डात मोजतात, म्हणजे आपल्या कापडाच्या वारात. पळणाऱ्याला मधोमध अडवणं हे आपल्या जीवनचं काम. त्याला संघात सगळे ‘माउअर’ म्हणतात, म्हणजे भिंत.

या भिंतीचा गटातल्या आठ संघांत पहिला नंबर आहे. पळून सगळ्यांत कमी वार कोणाविरुद्ध मिळाले? कायलरविरुद्ध. आणि तरीही कायलर हरतातच. एवढी भिंत असताना घर रोज लुटलं कसं जातं, हे मला कळेना.

संघाचे आकडे लिहिणारे गृहस्थ नोकरीसाठी हॅम्बर्गला गेले. शमिकानं परस्पर सांगून टाकलं, की आईनं जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आहे. त्यामुळे काल मी छत्री, घडीची खुर्ची आणि पेन्सिल घेऊन मैदानाच्या कडेला होते.

रामदासरावांना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच नांदू द्यावा.

आपली,
प्रभा


नागपूर, १६ जून २०१६

आदरणीय प्रभाताई,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. पहिल्या नंबरापर्यंत मी यांना वाचून दाखवलं आणि पुढचं वाचायच्या आत हे चप्पल घालून बाहेर. संध्याकाळी चौकात फ्लेक्स लागला. जीवनचा लग्नातला फोटो आणि खाली ‘जर्मनीत प्रथम क्रमांक, चि. जीवन यांचे हार्दिक अभिनंदन, शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार’. समस्त मित्रपरिवार म्हणजे हे एकटेच. रानडुकरांचा उल्लेख मी काढायला लावला.

आता वस्तीत सत्काराचं चाललंय. पोरगा तिकडे, म्हणून शाल आम्हा दोघांना. तेव्हा एक काम करा. त्यांच्या गुरुजींकडून चार ओळी लिहून घ्या, की या मुलामुळे गटात कोणी पळून पुढे जाऊ शकत नाही. जर्मनमध्ये असल्या तरी चालतील, उलट बरं.

मी स्वतः तरुणपणी कबड्डीत विदर्भाकडून खेळले. पुढे हॉस्पिटलात सिस्टर झाले तेव्हा पळून जाणारे पेशंटसुद्धा मीच पकडून आणायची. त्यामुळे हा गुण कोणाकडून आला हे वेगळं सांगायला नको. तो हरतो ते इतरांमुळे, हेही लिहून घ्या.

शमिकाला आशीर्वाद. माया राहू द्या.

आपली,
द्रौपदी


झिंडेलफिंगेन, २८ जून २०१६

सौ. द्रौपदीताई यांना,
स. न. वि. वि. आणि जयभीम.

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. जावयाच्या आईला असं पत्र लिहायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. पण सत्काराची शाल तुमच्या खांद्यावर पडायच्या आत सांगायला हवं.

मी या मोसमातले सगळे सामने मांडून पाहिले. इतर संघांविरुद्ध प्रतिस्पर्धी सामन्यात तीसेक वेळा पळतात, आपल्याविरुद्ध बारा वेळा. का? कारण आपल्याविरुद्ध चेंडू फेकणं इतकं सोपं आहे, की पळायचे कष्ट कोण घेईल? मागे उभी असलेली आपली मुलं आकाशाकडे बघत राहतात आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून जातो. आमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये उपम्याची एकही तक्रार नसायची, कारण तो कोणी घेतच नसे. तसंच हे. एकूण वार मोजले तर आपण पहिले. पण एका वेळी पळून किती मिळाले, असा भागाकार केला तर सहा वार. म्हणजे जो कोणी जीवनच्या बाजूनं जातो तो एकेक सहावारी साडी घेऊनच जातो. या हिशोबानं आठांत आपण सातवे. फेकण्याच्या हिशोबात तर आठवे.

मी हे फक्त ट्रेनर हेर हेबर्ले, म्हणजे श्रीयुत हेबर्ले, यांना हळूच सांगितलं. ते तीन वेळा गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या संघासमोर फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून मोकळे झाले. खाली ‘फ्राऊ प्रभा यांच्या सौजन्यानं’ असंही लिहिलं.

तेव्हापासून जीवन मला आई म्हणत नाही, प्रभा मॅडम म्हणतो. दोन पोळ्यांवर उठतो आणि भांडी घासायला लागतो. त्याला बहुधा वाटतं, की मी त्याच्यात काही कमी शोधायलाच आले. मला तर त्याची बाजू घ्यायची होती. इतर सगळे हरण्याचा दोष पुढच्या मुलांना देतात. शमिका म्हणते, की मी जावयाचा मान ठेवला नाही, आणि ती मला न विचारता चहा करते, तोही बिनसाखरेचा. शेवटचा सामना चोवीस जुलैला आहे. तो हरले तर संघ खालच्या गटात जाणार आणि जीवन म्हणतो, की तो मग खेळणंच सोडणार.

काय करू ते कळवा. तुमच्या मनात माझ्यासाठी जागा उरली असेल, तर ती तशीच ठेवा.

आपली,
प्रभा


नागपूर, ८ जुलै २०१६

श्रीमती प्रभा मॅडम यांना,
जयभीम.

वरचा मायना रागात लिहिला. आता राग उतरला आहे, पण कागद वाया कशाला घालवायचा?

माझ्या पोराचा पहिला नंबर तुम्ही भागाकार करून घालवलात. हे म्हणाले, की मुलीकडच्यांनी असं करणं बरं दिसत नाही. दोन दिवस आम्ही तुमच्याविषयी बरंच बोललो, ते लिहीत नाही. मग मैत्रीनं, म्हणजे माझ्या धाकटीनं, शमिकानं पाठवलेला व्हिडिओ तिच्या लॅपटॉपवर दाखवला. मी तो पुन्हापुन्हा थांबवून पाहिला. प्रभाताई, तुमचं बरोबर आहे. पोरगा ताठ उभा राहतो. पळणाऱ्याला खांद्याला धरायला जातो, जसा काही स्टेशनवर मामा भेटला. अशानं सहा वार नाही, सबंध ठाण जाईल.

त्याला माझं नाव घेऊन सांगा: गुडघ्यात वाक, नजर त्याच्या कंबरेवर ठेव आणि घोटा धर. डोकं इकडे-तिकडे फसवतं, कंबर फसवत नाही. घोटा धरला की सोडायचा नाही, तोंडात माती गेली तरी. मनासारखी पकड साधायला मला दोन वर्षं लागली होती. त्याच्याकडे दोन आठवडे आहेत, तर त्यानं आजच लागावं.

सत्कार मी रद्द केला. हे फ्लेक्स काढायला तयार नव्हते, म्हणून ‘क्रमांक’ या शब्दावर पांढरी पट्टी चिकटवली. आता ‘जर्मनीत प्रथम’ आणि खाली जीवनचं नाव एवढंच दिसतं. लोक विचारतात, याच्या आधी तिकडे जीवन नावाचा कोणीच नव्हता का?

पोराशी पोळ्यांवरून बोलू नका. त्याला भाकरी करून द्या. माझ्याकडून अंतर पडणार नाही, तुमच्याकडूनही पडू नये.

आपलीच,
द्रौपदी


झिंडेलफिंगेन, २५ जुलै २०१६

सौ. द्रौपदीताई यांना,
स. न. वि. वि. आणि सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मी जीवनला वाचून दाखवलं नाही, त्याच्याच हातात दिलं. त्यानं ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं. स्टेशनवरच्या मामापाशी आल्यावर त्याला हसू आलं. मग त्यानं विचारलं, की आई, भाकरी आहे का? हे ‘आई’ तुम्हाला उद्देशून नव्हतं, एवढं नमूद करते.

त्यानंतर रोज कारखान्यातून आला की तो मागच्या हिरवळीवर घोटे धरायचा सराव करायचा. घोटे शमिकाचे. तिसऱ्या दिवशी तिनं हेल्मेट मागितलं. खालच्या बाईंनी नवी चिठ्ठी लावली आणि दोन दिवसांनी स्वतःच बघायला खुर्ची घेऊन आल्या.

हेर हेबर्ले यांनीही एक केलं. त्यांनी पुढची दोन माणसं काढून मागे ठेवली, फेकलेला चेंडू अडवायला. मी म्हटलं, की यानं जीवनवरचा भार वाढेल. ते म्हणाले, गेनाऊ.

काल सामना झाला. समोरच्यांनी नेहमीसारखे चेंडू फेकले. दोन आपल्या मुलांनी झेलले, बाकीचे गवतात पडले. मग ते थांबले, घोळका करून बोलले आणि पळायला लागले. या मोसमात पहिल्यांदाच एखादा संघ जीवनच्या अंगावर सारखा पळत येत राहिला. मी चाळीसपर्यंत मोजलं आणि पुढे माझी पेन्सिलच मोडली. तो वाकला, त्यानं घोटा धरला, त्याच्यावर चार जण पडले, तो उठला, पुन्हा वाकला. एकूण वार एवढे गेले, की आपला पहिला नंबर कालच गेला. पण भागाकार केला तर एका वेळी सव्वादोन वार, अर्ध्या साडीलाही कमी. अर्ध्या साडीत कोणाची लाज राखली जात नाही. चार प्रयत्नांत दहा वार जावं लागतं, नाही तर चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो, आणि ते दर वेळी थोडक्यात अडायचे. आपण तीन गुणांनी जिंकलो. संघ गटात राहिला.

शिट्टी झाल्यावर जीवन चिखलानं माखलेला तसाच चालत माझ्याकडे आला, हेल्मेट काढलं आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. त्याच्या मागून येणाऱ्या मुलाला वाटलं, की जिंकल्यावर हे असंच करायचं असतं. तोही वाकला. मग तिसरा. मग रांगच लागली. एकेक जण दरवाजाएवढा. मी खुर्चीतून उठायचा प्रयत्न करत होते, पण कोणी ना कोणी पायांशी असायचंच. मी सगळ्यांना मराठीतून आशीर्वाद दिले. हरलेल्या संघाचा कप्तानसुद्धा रांगेत होता. त्याला मी म्हटलं, पुढच्या वर्षी चांगलं होईल. शेवटी हेर हेबर्ले आले. वाकताना त्यांची कंबर धरली आणि त्यांना दोघांनी उचलून नेलं.

आज जीवननं सुटी घेतली आहे. त्याला मोजे घालता येत नाहीत. शमिका घालून देते आहे आणि दोघं हसताहेत. मी त्याला विचारलं, की तुझ्या आईला काय लिहू, क्रमांक तर राहिला नाही. त्यानं दुसरा पाय शमिकापुढे केला. मग म्हणाला, एवढंच लिहा, की काल कोणी मला टाळून गेलं नाही.

ते लिहिलं. रामदासरावांना नमस्कार, मैत्रीला आशीर्वाद. तुमचा लोभ मला लाभला, तो हिशोबात न धरता मी जवळ ठेवून घेते.

आपली,
प्रभा