न कापलेलं टोक

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझी कंबर, भाऊजींचा खोकला आणि छकुलीचे दात यांची प्रगती कळव. (खोकल्याच्या वाढीला प्रगती म्हणत नाहीत, एवढं मला कळतं.)

मी मजेत आहे. सासऱ्यांच्या कुंचल्यांच्या कारखान्यात मला बढती मिळाली असून हल्ली मी दांड्यांना रंग देतो. आधी केसांच्या टेबलावर होतो. तिथे काय झालं ते लोक तिखटमीठ लावून सांगतील, म्हणून मीच सांगतो. थंड मुलखातल्या एका प्राण्याच्या (नाव मला उच्चारता येत नाही) शेपटीचे केस टोकं खाली करून पितळी वाटीत सोडायचे आणि वाटी हळूहळू टेबलावर ठोकायची. टोकं आपोआप जुळतात. मग झुपका दोऱ्याने बांधून धातूच्या नळीतून ओढायचा. सगळं केलं. पण झुपका शेवटाला विरळ, निमुळता, अगदीच अव्यवस्थित दिसला. ताई, माझा भांग पाडल्याशिवाय मला शाळेत न सोडणारी तू. तुझे संस्कार जागे झाले. कात्री घेऊन मी सगळे कुंचले शाळेत पाठवण्यासारखे केले.

सासऱ्यांनी एक पाण्यात बुडवून झटकला. चांगल्या कुंचल्याला अशा वेळी सुईसारखं टोक येतं. माझा दाढीच्या ब्रशासारखा पसरला. जावयावर ओरडता येत नाही, हाकलता तर त्याहून येत नाही. त्यामुळे एरवी 'तुम्ही' म्हणणारे सासरे रागावले की 'आपण'वर जातात. "जावईबापू," ते म्हणाले, "केसाला टोक जन्मताच असतं, कापलं की गेलं. जास्तीचं कापायचं ते मुळाकडून. आपण उगाच तसदी घेतलीत." बायको तर 'अरे'वरून थेट 'आपण'वर गेली आहे.

खरं सांगू? दांडे रंगवायला कुणीही चालतो. वाटी ठोकताना टोकं जुळायची ते बघायला मला फार आवडायचं. मला परत त्या टेबलावर जायचंय.

भाऊजींना नमस्कार, छकुलीला पापा.

तुझा,
धाकटा

ता. क. छकुलीच्या केसांना अजून कात्री लागली नाही ना? लावू नकोस. आपल्या ओळखीत न कापलेलं टोक आता फक्त तिच्याकडे आहे. मागचे थोडेच केस हवेत, अगदी मुळाशी कापलेले. त्यांचा कुंचला करून सासऱ्यांना दाखवीन आणि मग तुलाच देईन.

आणखी ता. क. हे सासऱ्यांच्या कानावर घातलं. कल्पना आवडली, पण कात्री चालवायला ते स्वतः येणार आहेत. मी छकुलीला मांडीवर घेऊन कात्रीपासून हात लांब ठेवायचे, असं ठरलंय.

शेवटचं. हे ठरवून उठताना सासरे म्हणाले, "वाटी तेवढी तुम्ही घ्या." ताई, 'तुम्ही' म्हणाले.