वरच्या पट्टीतली ओळ

११ जून, सकाळी नऊ

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळे खुशाल असाल. माझंही बरं चाललंय. गुडघे सोडले तर कुणाबद्दल तक्रार नाही. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला सारणार, हे ठाऊक आहे. निदान चहा होईपर्यंत तरी फाडू नकोस.

बातमी अशी, की माझ्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह निघतोय. बेचाळीस वर्षांतली वीस गाणी, दोन तबकड्या आणि सोबत फोटोंचं जाडजूड पुस्तक. वीसच्या वीस गाण्यांचे शब्द माझे, चालीही माझ्या. उगाच कशाला लाजू? स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून, हाताला लागेल त्या कागदावर लिहिलेली ही गाणी आज अनोळखी माणसं मला रस्त्यात गाऊन दाखवतात. परवा दाताच्या डॉक्टरने माझा जबडा उघडा ठेवून अख्खं कडवं म्हटलं. मला दादही देता येईना.

जुनी ध्वनिमुद्रणं स्वच्छ करायला रोज स्टुडिओत जाते. तिथली ध्वनिमुद्रक बाई फार तिखट कानाची. तिने आपल्या पहिल्या गाण्याची टेप लावली, एकेक वाद्य बंद करत गेली आणि शेवटी ध्रुवपदातली वरची ओळ तेवढी एकटी वाजवली. तीनदा ऐकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, हा आवाज तुमचा नाही."

मी म्हटलं, तेव्हा सर्दी झाली होती. बघ, अजून सुधारले नाही.

सर्दी खरी होतीच. त्या दिवशी माझा घसा बसला, स्टुडिओची वेळ संपत आली, आणि तू मला औषध द्यायला आलेली, काखेत भूमितीचं पुस्तक. उभ्या उभ्या ती ओळ गायलीस आणि विचारलंस, "झालं? मी जाऊ? उद्या पेपर आहे." तबकडीच्या वेष्टनावर माझं एकटीचं नाव छापलं गेलं. तू हसलीस, मीही हसले. पुढे लोक नेमकी त्याच ओळीला टाळ्या द्यायला लागले, आणि माझं हसू मावळलं. कार्यक्रमात ती ओळ मी कायम खालच्या सुरात घेतली. कुणी विचारलं तर सांगायची, आता वेगळ्या ढंगात गावंसं वाटतं.

नऊ वर्षांपूर्वी त्या पुरस्काराच्या समारंभात निवेदकाने विचारलं, तो स्वर तुम्हाला कसा सापडला? तू तिसऱ्या रांगेत बसली होतीस. मी म्हणाले, "काही गोष्टी आपोआप गळ्यातून येतात." तू पर्स उचलून निघून गेलीस. घरी आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, तिचं डोकं दुखत होतं.

आता मुद्द्यावर येते. सर्दीची थाप टिकली नाही, शेवटी मी खरं सांगून टाकलं. त्यावर संग्रह काढणाऱ्या कंपनीच्या साहेबांनी तोडगा काढला: ती ओळ पुन्हा गा, कमीजास्त झालं तर यंत्र सांभाळून घेईल. मी गायले. तीन दिवस घासले. सांगायला लाज वाटते, पण जमलंसुद्धा. कुणाला पत्ता लागला नसता. मग दोन्ही ओळी एकामागोमाग ऐकल्या. माझी सुरात होती. तुझी ऐकून अंगावर काटा आला. मी माझी पुसायला सांगितली.

तर पुस्तकात त्या गाण्याखाली छापायचंय, 'वरच्या पट्टीतला आवाज: माझी धाकटी बहीण', आणि पुढे तुझं नाव. प्रस्तावनेत सगळी हकीकत लिहिलीय, समारंभासकट. साहेब म्हणतात, लोक तुम्हाला खोटारडी म्हणतील. म्हणू देत, होतेच. नाव माहेरचं छापायचं की सासरचं, ते तू सांग.

आणि नको म्हणालीस, तर ते गाणं संग्रहात नसेल. एकोणीस गाण्यांचा निघेल. साहेब डोक्याला हात लावून बसलेत, कारण लोक त्या एका गाण्यासाठीच संग्रह घेणार. पण तुला न विचारता तुझ्या आवाजावर आणखी एकदा मिरवणार नाही. या गाण्यांचा मला अभिमान आहे, धाकटे, आणि ज्या ओळीचा सर्वांत जास्त आहे, ती तू गायलीस. हे मी तुला कधी सांगितलंच नव्हतं.

छपाई वीस तारखेपर्यंत थांबवलीय. एका शब्दाचं उत्तरही चालेल.

बेचाळीस वर्षं तुझ्या टाळ्या घेत आलेली,
तुझी ताई