कॅप्टनसाहेबांच्या पाठीवरून

ओर्लूचं इस्पितळ, बियाफ्रा
ऑगस्ट १९६८

प्रिय आई,
तुझ्या इफेडीचा वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे. पायाला आणि उजव्या हाताला गोळी लागली, एवढंच. हाताची बोटं अजून हलत नाहीत, पण हलतील.

परवा नदीवर माघारीचा हुकूम झाला आणि आम्ही सात जखमी पलीकडच्या काठावरच राहिलो. कॅप्टन अझुका भर गोळीबारात एकटे परत आले. एकेकाला पाठीवर घेऊन छातीभर पाण्यातून त्यांनी सात खेपा केल्या. मी शेवटचा. म्हटलं, "साहेब, मला सोडा, तुम्ही निघा."

"गप्प बस रे! तुझ्या आईच्या शिव्या तू खाणार आहेस का मी?"

त्यांच्या डाव्या खांद्यात गोळी शिरली, तरी त्यांनी मला टाकलं नाही. आम्ही सातही जण जिवंत आहोत, आई! काल खाटा बडवून गाणी म्हटली.

तुम्ही रोज जेवता ना? खरं सांग. धाकट्या उचेला भरतीवाल्यांच्या नजरेस पडू देऊ नकोस.

माझा हात बांधलेला आहे, म्हणून हे पत्र शेजारच्या खाटेवरून कॅप्टनसाहेबच लिहून देताहेत. एक वाक्य त्यांनी दोनदा खोडलं. शेवटी मीच दटावलं, "साहेब, आईला खोटं कळवायचं नाही." तेव्हा कुठे हसत हसत लिहिलं: कॅप्टन अझुका फार शूर आहेत.

तुझाच,
इफेडी