पाचवा गिअर

१२ नोव्हेंबर, मंगळवार

गाडीचा गिअर बॉक्स गेला. वाडीजवळ तिसऱ्या गिअरचे दात तुटले. जी गाडी बाकीच्या बंद पडलेल्या गाड्या ओढून आणते, तिलेच आज दुसऱ्यानं टोचन लावून गॅरेजात नेलं. नातू माझा, प्रशिक, केबिनमध्ये तोंड लपवून बसला होता म्हणे. म्हटलं, लाज कायची? डॉक्टरही दवाखान्यात भरती होतेच ना.

पण संध्याकाळी माझा बुढा जेवला नाही. "धम्मा नाई आला आजून." मी म्हटलं, लांबची खेप आहे, कोंढाळीकडं गेला. तर ताटावरून उठला — उठला म्हणजे काय, मान फिरवली. उठता कुठं येते त्याले.

१३ नोव्हेंबर

लिहून टाकते. कोणापाशी बोलायची सोय नाही.

धम्मदीप उन्हाळ्यातच गेला. एकुलता एक पोरगा माझा. वर्धा रोडवर बंद गाडीले हुक लावत होता, मागून ट्रकनं उडवलं. बुढा तेव्हा लकव्यानं दवाखान्यात पडलेला. डॉक्टर म्हणे, आत्ता सांगू नका. घरी आणला तं अर्धं अंग गेलेलं, अर्धं डोकं गेलेलं. बोलणं तेवढं साफ राहिलं. पहिल्याच संध्याकाळी नातू गाडी घेऊन गल्लीत शिरला अन् आतून बुढा म्हणाला, "धम्मा आला."

त्या गाडीचे गिअर असे बोंबलते की विहारापासून समजते. दोनदा क्लच दाबून गिअर टाकायची पद्धत, बापाची तीच पोराची. मी गप्प राहिली. मग रोजच गप्प राहिली. थकला, झोपला, सकाळी लवकर गेला — काहीबाही सांगते. गाडी आली की बुढा जेवते.

१५ नोव्हेंबर

श्रीधर मिस्त्रीकडे गेली होती. गाडी माझ्या नावावर आहे, म्हणून मले विचारल्याशिवाय चालत नाही कोणाचं. मिलिटरीच्या लिलावात बुढ्यानं घेतली होती, तेव्हा धम्मा पाळण्यात होता.

मिस्त्री म्हणे, "आजी, एक तं असाच जुना बॉक्स कबाड्यातून आणून दुरुस्त करतो. चार गिअर. असाच बोंबलन. नाईतं मंग नव्या गाडीचा पाच गिअरचा बसवा, ओव्हरड्राइव्हवाला."

"ते काय असते गा?"

"पाचव्यात टाकली की चाकं पळते अन् इंजिन निवांत राहते. डिझेल कमी. आवाज तं नाईच."

"अन् ओढताना?"

"ओढताना पाचवा टाकायचाच नाई. चौथ्यावर ठेवाची. पाचव्यात भार दिला तं बॉक्स जळन."

म्हटलं, म्हणजे जेव्हा काम पडलं तेव्हा हा कामाचा नाही. जावई झाला हा तर.

मिस्त्री हसला, प्रशिक हसला नाही. "आजी, आपली गाडी चाळीसच्या वर जात नाई. मिहानकडून फोन येते, मी पोचेपर्यंत दुसरा ओढून घेऊन गेला राहते. जाताना तं रिकामीच राहते ना गाडी?"

खरं बोलला. घरी येतानाही रिकामीच राहते.

१६ नोव्हेंबर

बुढा नुसता चहावर. धम्मा कवा येते, धम्मा कवा येते.

१८ नोव्हेंबर

पुन्हा गेली गॅरेजात. म्हटलं, नालीत घुसलेला ट्रक काढाले पहिला गिअर लागते, पाचवा नाही. याच्या पहिल्यात तेवढा जोर आहे का? मिस्त्री म्हणे, जुन्याहून जास्त आहे.

ती सबब संपली. मग विचारलं, जुना चार गिअरचाच ठेवून त्याच्या मागं वेगळा ओव्हरड्राइव्ह नाही जोडता येत का? पळनही, अन् गल्लीत आली की बोंबलनही. म्हणे, "येते. पण शाफ्ट कापा लागन. अन् ओढायच्या गाडीत जितके जोड जास्त, तितकी कटकट जास्त. तुमाले आवाजाचं काय पडलं आजी?"

म्हटलं, बहिरी आहे मी.

२१ नोव्हेंबर

घरी सांगून टाकलं, जुनाच बसवू. प्रशिक ताटावरून उठून गेला.

माया मेथी निवडत होती. सून माझी जास्त बोलत नाही. आज बोलली. "आई, बाबाले जेवाले द्यायच्या आधी मले रोज आरशापुढं जाऊन टिकली लावा लागते. बाहेर आली की काढा लागते. दोन्ही टाइम. तुमी तिकडं गाडीचा आवाज वाचवून राहिल्या. माहं काय?"

"मग काढू नको. कोण म्हणते तुले काढ म्हणून?"

"कोनी नाई म्हणत. मलेच ते खोटं बोलल्यावानी वाटते."

मी तिच्या कपाळाकडं इतके महिने पाहिलंच नव्हतं. पाहिलं असतं तर गप्प राहता आलं नसतं.

२२ नोव्हेंबर

मिस्त्रीले फोन केला. पाचचाच बसव म्हटलं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

गाडी आली. मी बुढ्याच्या खाटेपाशी बसून होती, कान दारात. प्रशिक समोर येऊन उभा राहिला तेव्हा समजलं. मांजरीसारखी आली मेली.

बुढा म्हणे, "कोन आलं?"

"प्रशिक."

"अन् धम्मा?"

माया ताट घेऊन आत आली. टिकली नव्हती. बुढा पाहतच राहिला तिच्याकडं. मग मी सांगितलं. कुठं, कसं, कोणी उचललं, कोणी अग्नी दिला. आवाज चढवला नाही. भाजीत मीठ किती टाकलं ते सांगावं, तसं सांगितलं. दुसऱ्या तऱ्हेनं मले जमलं नसतं.

बुढ्यानं चांगल्या हातानं मायाचा हात धरला तो सोडलाच नाही. रडला नाही. मी तर नाहीच. माया रडली. तिचं राहूनच गेलं होतं ते.

३० नोव्हेंबर

सकाळी पुन्हा विचारलं, धम्मा? मी म्हटलं, नाही. त्यानं मान हलवली. दुपारी पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. किती वेळा मारू पोराले?

२ डिसेंबर

आज विचारलं नाही. अर्धी भाकर खाल्ली, दुधात कुस्करून.

३ डिसेंबर, मंगळवार

प्रशिक मिहानकडं पहिला पोचला. जेवताना सांगत होता, "पाचव्यात टाकली ना आजी, तं खिडकीतून हवा ऐकू येते." बुढ्यानं आतून विचारलं, "डबल क्लच लागते का गा याले?" प्रशिक म्हणे, "नाई आबाजी, आता नाई लागत." बुढा म्हणे, "बरं झालं. धम्माचे गुडघे गेले होते त्यानं."

मी उठून भांडी घासाले गेली. घासलेलीच होती.

५ डिसेंबर, गुरुवार

दिवेलागणीले दारात उभी होती. आतून बुढा म्हणाला, "अंजने, प्रशिक कवाचा येऊन माहे पाय दाबून राहिला. गाडी तुह्या पुढंच उभी हाय. तू कोनाची वाट पाहून राहिली वं?"