पुतळ्याला नेसवलेला पंचा

कळंब,
सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

चि. आरतीस आत्याचे आशीर्वाद.

शनिवारी, ७ फेब्रुवारीला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तुझ्या मंचरच्या फिजिओथेरपी मदतनिसांच्या वर्गात एका मुलीचा पेपर काढून घेतला गेला. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण त्या क्षणी मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. दुसरीकडे कुठे बघावं ते सुचत नव्हतं.

इकडे सगळं ठीक आहे. तू शिकवलेल्या व्यायामाने खांदा सुटला, आता वरच्या फळीवरचा डबा माझा मी काढते. पलीकडच्या उसात पुन्हा बिबट्या दिसला, त्यामुळे दिवेलागणीला सगळी आळी दारं लावून बसते. तू पाठवलेले पेढे पोचले. पुडा अजून सोडलेला नाही. का, ते पुढे येईल.

आधी तुझ्याविषयी. तुझी ही परीक्षा मला पहिल्यापासून पटली नव्हती. टेबलांवर मॉडेलं मांडायची, स्नायूंवर आकड्यांचे कागदी झेंडे चिकटवायचे, घंटा झाली की पुढच्या टेबलापाशी सरकायचं आणि मिनिटभरात त्या स्नायूचं नाव लिहायचं. मॉडेलला हात लागला की पेपर बाद. पुण्याहून आलेले तुझे परीक्षक तर अर्धा वेळ खिडकीशी चहा पीत उभे होते. ज्या माणसाला कोण काय करतंय ते दिसत नाही, त्याने कुणाचा पेपर बाद करू नये. आणि तू वर्ग चालवतेस. चौकशी करणं तुझं काम होतं. दारातून एकदा विचारलंस, “पंचा कुणी बांधला?” कुणी बोललं नाही, आणि तू विषय सोडून दिलास. टेलिफोन खात्यात माझ्या हाताखालच्या मुलींनी असं काम केलं असतं, तर मी त्यांना संध्याकाळपर्यंत उभं केलं असतं.

त्या पंच्याबद्दल लिहायलाच हवं.

तो उभा पुरुष-पुतळा तुला माहीतच आहे. एक अंग कातडीचं, दुसरं सोललेलं, आणि बनवणाऱ्याने काहीएक वगळलेलं नाही. पहिल्या दिवशी पोरी ओढणीत तोंड घालून हसत होत्या, म्हणून मी घरून जुना पंचा नेला आणि त्याला नेसवला. मी नन्सच्या हाताखाली वाढले. वसतिगृहात आम्हाला आंघोळसुद्धा शेमीज घालून करायला लावत. तू पंचा सोडायचीस, मी पुन्हा नेसवायचे. पोरी म्हणायच्या, आत्यांनी पावण्याला धोतर नेसवलं. सगळ्यांना त्याची इतकी सवय झाली होती, की मी पंचा हातात घेतला तर कुणी मान वर करून बघतही नसे.

शनिवारीही पोरींपैकी कुणी बघितलं नाही, असं मला वाटलं.

आता अक्षदाविषयी. शिनोलीहून पहिल्या एसटीने येणारी, घरी अजून मेंढरं असलेली ती. तू मला वर्गात बोलावलंस तेव्हा म्हणाली होतीस, “आत्या, घरी बसून सगळ्यांच्या चुका काढता, त्यापेक्षा इथे येऊन शिका, आणि पोरींना इंग्रजी नावं वाचायला शिकवा.” ते मी मनावर घेतलं, जरा जास्तच. अक्षदा पोटरीच्या स्नायूचं नाव घेताना ‘गॅस्ट्रो’पाशी अडकायची आणि मी सगळ्यांदेखत म्हणायचे, बाई गं, पोटरीला जुलाब होत नाहीत. ती हसायची आणि पुन्हा म्हणायची. मांडीवरचा तो लांब, तिरका पट्टा तिच्या लक्षात राहीना. तेव्हा मीच तिला फरशीवर मांडी घालून बसवलं, कमरेच्या हाडापासून गुडघ्याच्या आतल्या बाजूपर्यंत तिचंच बोट फिरवलं, आणि म्हटलं, मांडी घालायला लावतो तो हा. नाव पाठ होईपर्यंत तिला उठू दिलं नाही.

शनिवारी सात नंबरचा झेंडा त्याच पट्ट्यावर होता, गुडघ्याच्या जरा वर. तू पंचा सोडून खुर्चीवर घडी करून ठेवला होतास. मी पेन उघडलं. आरती, मला नाव आठवेना. पट्टा कुठून निघतो, कुठे जातो, काय करतो, सगळं समोर होतं. नाव नव्हतं. माझ्यामागे अक्षदा होती, आणि ते नाव तिला मी शिकवलेलं होतं. ती ते लिहिणार होती.

मी पंचा उचलला आणि पुतळ्याला नेसवला. रोजच्यापेक्षा खाली. झेंडा झाकला गेला. परीक्षकांनी वळून बघितलं, म्हातारीची लाज पाहून हसले, आणि पुन्हा चहाकडे वळले. मी स्वतःलाही तेव्हा तसंच सांगितलं, की परका पुरुष शेजारी उभा असताना हे उघडं शोभत नाही. मग घंटा झाली आणि मी सरकले.

अक्षदाला झेंडा दिसेना. तिने पंच्याचं टोक वर उचललं. नेमकं तेव्हाच साहेबांना दिसू लागलं. “मॉडेलला हात?” ती म्हणाली, “हात नाय लावला सर, फडकं व्हतं त्यावर.” त्यांनी पेपर ओढला. ते पुन्हा चहाशी गेल्यावर तू दारात आलीस आणि विचारलंस.

आमच्या शाळेत सिस्टरनी असं विचारलं, की जिने केलं तिने उभं राहायचं. मी नेहमी राहिले आहे, वाटल्यास तुझ्या वडिलांच्या फोटोला विचार, भाऊ असताना हसायचा मला त्यावरून. पण तुझ्या परीक्षेत सगळ्याच उभ्या होत्या. माझं उभं राहणं कुणाला कळलं नाही, आणि मी आठ नंबरच्या टेबलावर ‘डेल्टॉइड’ लिहीत राहिले. अक्षर सुंदर आलं.

नंतर तू सात नंबर रद्द केलास आणि त्याचा गुण सगळ्यांना दिलास. त्या गुणावर मी पास झाले. पेढे त्याचे.

काल मी शिनोलीला गेले. कबूल करायला गेले होते. तिची आजी तुकाबाई पाय पसरून ओट्यावर बसली होती. तिने मला पाट दिला आणि म्हणाली, “बाई, तुमी लई शिकवलं पोरीला. तिचीच चूक झाली, तुमी मनाला लावून घेऊ नका.” मी चहा प्याले. कांद्याच्या भावावर बोलले. तुझ्या परीक्षकांना नावं ठेवली. राजगुरुनगरच्या दवाखान्यात पोरीसाठी धरून ठेवलेली जागा आता दुसरीला देतील, हे ऐकलं आणि मान हलवली.

अक्षदा मला स्टँडपर्यंत पोचवायला आली. एसटी वळणावर दिसल्यावर म्हणाली, “आत्या, तुमाला नाव आठवत नव्हतं ना? तुमी पेन उघडून उभ्या व्हत्या.”

मी विचारलं, मग तू तेव्हा बोलली का नाहीस.

“सगळ्यांसमोर तुमची शोभा झाली असती.”

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, बस आली. आणि चढले.

तर आता ऐक. माझा गुण काप आणि मला नापास कर. अक्षदाची परीक्षा पुन्हा घे, यादी पुण्याला जायच्या आत. पुतळा उघडा ठेव, आणि परीक्षकांना चहा नंतर दे. हे पत्र वर्गात वाचून दाखव, गाळल्याशिवाय; ‘गॅस्ट्रो’वाला टोमणासुद्धा, तो पोरींना आठवत असेलच. त्या दिवशी मी मागच्या बाकाशी उभी असेन.

यातलं काय केलंस ते मला शुक्रवार, १३ फेब्रुवारीच्या संध्याकाळी पाचच्या आत, तुझ्या सहीने, लेखी कळव. फोन करू नकोस. फोनवर तू म्हणशील, जाऊ द्या आत्या, आणि मी जाऊ देईन.

तुझी आत्या,
निर्मला

सात नंबर : सार्टोरियस. बस शिनोलीची कमान ओलांडून गेल्यावर आठवलं.