पंखा गप्प केला

मंगळवार, ४ नोव्हेंबर

लाँड्रीच्या मालकीणबाईंनी आज सांगूनच टाकलं. महिनाअखेरपर्यंत पंखा गप्प करा, नाहीतर गाडी हलवा. "माझ्या खिडकीखाली दिवसभर कोणीतरी पत्रा फरफटत नेतंय असं वाटतं हो!" मी चादरीचा काठ शिवत होते. मान वर न करता म्हटलं, बघते.

बघते काय, कपाळ! दादाने निवृत्त झाल्यावर हौसेनं ही गाडी घेतली. दोन बाक, तेच रात्री पलंग, हातभर ओटा, एक शेगडी आणि छतात हा पंखा. घर विकून टाकलं. म्हणाला, आता चाकांवरच राहायचं, जग बघायचं. आठ महिने बघितलं आणि गेला. मागे उरलो आम्ही नणंद-भावजय. तीस वर्षं एका ओट्यावर भांडलो, आता तो ओटाही हातभर उरलाय.

मी लाँड्रीत फाटकं शिवते, बटणं लावते, म्हणून मागच्या आवारात गाडी उभी करू दिली. दवाखाना दोन गल्ल्यांवर. वहिनीला तेवढंच चालवतं. हृदय निम्म्यानंच काम करतंय तिचं. डॉक्टरांनी बजावलंय, हवा खेळती ठेवा. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला लाँड्रीची वाफ, खिडक्या उघडायची सोय नाही. पंखा बंद ठेवला की तिला धाप लागते. आणि इथून हललो तर दवाखाना लांब. म्हणजे पंखा फिरायला तर हवा, पण बोलायला नको.

वहिनीला सांगितलं. म्हणाली, "वन्सं, तुमच्या भावासारखाच आहे तो. काम थोडं, आवाज फार."

गुरुवार, ६ नोव्हेंबर

हार्डवेअरवाल्याकडे गेले होते. हा पंखा आता बनतच नाही म्हणे. "आतली बुशं, दांडा ज्यात फिरतो त्या कड्या, झिजली असतील, ती देतो. पण बाई, हवा बाहेर ओढणारा पंखा थोडा तरी बोलणारच."

थोडा चालेल, म्हटलं. हा भाषण करतो.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत शिडी लावून छतावर चढले. या वयात काय काय करावं लागतंय! पंख्याचं झाकण चिरलंय, चारातला एक स्क्रू गायब. शेजारीच भिंतीतून लाँड्रीच्या बॉयलरचं धुराडं बाहेर आलंय, अगदी हाताच्या अंतरावर. बॉयलर गॅसवर चालतो म्हणून धूर दिसत नाही, नुसती गरम हवा. कोपर लागलं आणि चटका बसला.

उतरले तर वहिनी शिडी धरून उभी. तिला उभं राहायची परवानगी नाही, पण शिडी धरते. "पडलात तर मला कोण बघणार?" हे तिचं प्रेम!

रविवार, ९ नोव्हेंबर

लाँड्री बंद. सकाळपासून पंख्याच्या मागे. आतून जाळी काढली. जाळीवर बोटभर जाड कापूस आणि दोरे, माझ्याच शिवणाचे. दर आठवड्याला खरवडते तरी तेवढेच जमतात. पाती एका बाजूला कलली होती आणि कडेला घासत होती. मोटर खिळखिळी.

मोटरीला दोन वायरी. एके काळी एक लाल, एक काळी असावी, उन्हानं दोन्ही मातकट झाल्यात. मी हुशारी केली. एका वायरीला पांढरा दोरा बांधला. कच्चा टाका घालतो तसा, म्हणजे उद्या कोणती कुठली ते कळेल. मग तोडल्या. मोटर खाली वहिनीच्या हातात दिली.

बुशं बसेनात. किंचित मोठी आहेत. पुढच्या रविवारी.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पंख्याविना चार दिवस. छताच्या भोकावर प्लॅस्टिक ताणलंय. वहिनी दिवसभर दार उघडं टाकून बसते आणि थंडीनं काकडते. काल ओठ निळसर दिसले. भीती वाटली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

बुशं घासून घासून बसवली. कानसेनं नाही, माझ्या नखं घासायच्या पट्टीनं! शिवणमशीनचं तेल सोडलं. जुन्या घोंगडीच्या चकत्या कापून प्रत्येक स्क्रूखाली घातल्या, म्हणजे पत्रा थरथरणार नाही. वहिनीनं मोटर पुसून इतकी लख्ख केली की दादा असता तर ओळखली नसती त्याने.

रविवार, १६ नोव्हेंबर

झाला! झाला! झाला!

सगळं वर चढवलं. वायरी जोडायला घेतल्या तर दोरा कुठे? वहिनीला विचारलं. "तो पांढरा? मी झटकला. जन्म गेला माझा तुमच्या अंगावरचे दोरे उचलण्यात." दोघी हसलो. किती दिवसांनी! दोनच तर वायरी. एक इकडे, एक तिकडे. वर काळी चिकटपट्टी. बटण दाबलं.

आधी वाटलं सुरूच झाला नाही. मान वर करून पाहिलं तर फिरतोय. आवाज नाही. म्हणजे असा, की दुसऱ्या खोलीत कोणी झोपलंय आणि श्वास घेतंय, तेवढाच.

वहिनी म्हणाली, वारा लागतो. पंखा आहे तो, वारा लागणारच, म्हटलं.

मला माझाच अभिमान वाटतोय. चोपन्न वर्षांत पहिल्यांदा. लिहून ठेवते, कोण वाचणार आहे!

सोमवार, १७ नोव्हेंबर

मालकीणबाई खिडकीतून वाकून म्हणाल्या, "बंद केलात का?" नाही, चालू आहे. त्यांचा विश्वास बसेना. खाली उतरून, गाडीला कान लावून गेल्या. "हिवाळाभर राहा आता," म्हणाल्या.

जिंकले.

बुधवार, १९ नोव्हेंबर

वहिनीचा बाक आता पंख्याखाली. म्हणते, तिथे ऊब असते. छतावर ऊन पडतं ना दिवसा, पत्रा तापतो. बरंच झालं. संध्याकाळी पाचला लाँड्री बंद झाली की आम्हीही पंखा बंद करतो, तेव्हा फार गारठा येतो.

तिचं डोकं दुखतंय. कालही दुखत होतं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

वहिनीला उलटी. डोकं ठणकतंय. भाजी निवडताना मध्येच हात थांबतात, काय करत होती ते विसरते. मी चिडले. म्हटलं, लक्ष कुठे असतं तुमचं? ती म्हणाली, "लक्षच तर नाही हो वन्सं." चिडायला नको होतं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

दवाखान्यात नेली. रस्त्यात दोनदा बसली. तिथे पोचून तासभर नंबर लावून बाहेरच्या बाकावर बसलो, तर आत जाईपर्यंत स्वारी एकदम टवटवीत! डॉक्टरांना हसून उत्तरं. मला वाटलं, घरी मला घाबरवायचं आणि इथे शहाणी बाळी व्हायचं. परत येताना तिला म्हटलंही, नाटकं करता.

डॉक्टर म्हणाले, हृदय दमतंय, असं व्हायचंच. एक गोळी वाढवली.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज तिला छान वाटलं. डोकं दुखत नाही, मळमळ नाही. मी मशीनवर, ती पलीकडे, दिवसभर माझी चूक काढत होती. टीप वाकडी आली, चहा पाणचट झाला. असं बरं असलं की फार त्रास देते. मला हवाय तो त्रास.

बुधवार, २६ नोव्हेंबर

पुन्हा तेच. संध्याकाळी घरी आले तर बाकावर तशीच बसलेली, सकाळची पोळी हातात. गाल लालसर होते. उलट मला वाटलं, रंग सुधारला.

जाळी साफ करायला काढली. स्वच्छ! एक दोरा नाही, कापसाचा कण नाही. आधी आठ दिवसांत बोटभर थर जमायचा. मी केलेल्या दुरुस्तीचे गुण अजून कळतायत. वहिनीला दाखवली. तिनं नीट पाहिलीही नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

मालकीणबाईंकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली, वहिनीपाशी थांबायला. दिली नाही. भलीमोठी ऑर्डर आहे, हॉटेलच्या दोनशे चादरी. बॉयलर दुपारीही बंद करत नाहीत. बरोबर आहे त्यांचं, जागा दिलीये, अजून काय देणार.

रविवार, ३० नोव्हेंबर

रविवारी तिला बरं असतं. हे माझ्या लक्षात आलं आणि मी तिला बोलून दाखवलं. तिनं पायांवरची शाल सारखी केली. मग म्हणाली, "तू घरी असतेस ना."

तू! तीस वर्षं वन्सं आणि तुम्ही. भांडताना सुद्धा तुम्ही. मी उठून उगाच ओटा पुसला. पुसलेलाच होता.

दादा गेला तेव्हा मी मनात म्हटलं होतं की हिच्याऐवजी तो राहायला हवा होता. कधी कोणाला सांगितलं नाही. आज इथे लिहिते आणि आज ते खरं नाही हेही लिहिते. ती राहावी. कशीही, किरकिरत, वाटेल तितकी चूक काढत. मी दर रविवारी घरी असेन.

मंगळवार, २ डिसेंबर

सकाळी निघताना म्हणाली, आज नको जाऊस. मी म्हटलं, चादरी आहेत. पंखा लावला, तिच्या पायांवर शाल घातली, पाण्याचा तांब्या जवळ ठेवला. दार नीट लावून घेतलं, गारठा आत येऊ नये म्हणून.

गुरुवार, ४ डिसेंबर

वहिनी गेली. डबा विसरले म्हणून आज दुपारी आले होते. पंख्याखाली बसली होती, मांडीवर मटारांची परात. निम्मे सोललेले. मला वाटलं डुलकी लागलीये, म्हणून हळूच दार लावलं. नंतर परात घसरली.

शनिवार, ६ डिसेंबर

काल सगळं उरकलं. डॉक्टरांनी कागदावर हृदय लिहिलं. म्हणाले, तुम्ही सांभाळलंत म्हणून इतके दिवस काढले त्यांनी. लाँड्रीतल्या बायका म्हणाल्या, सख्खी बहीण करणार नाही एवढं केलंत. मालकीणबाईंनी स्वतः चहा करून आणला. आठ दिवस येऊ नका म्हणाल्या. जाताना छताकडे बघून म्हणाल्या, "शेवटचे दिवस शांतपणे गेले हो त्यांचे. तो पंखा आधीसारखा असता तर?"

मला तेवढाच आधार वाटला. लिहायला लाज वाटते, पण वाटला.

रविवार, ७ डिसेंबर

दिवसभर आत बसून होते. कोणी चूक काढली नाही. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा दोन कप.

सोमवार, ८ डिसेंबर

कामाच्या दिवशी मी पहिल्यांदाच घरी. सातला बॉयलर सुरू झालेला ऐकला. पंखा लावला, सवयीनं. तिच्या जागेवर बसले, तिच्या स्वेटरचं उसवलेलं कोपर शिवायला. खरंच ऊब येते तिथे. पण आज ढग आहेत, ऊन नाही. दहापर्यंत माझं डोकं ठणकायला लागलं.

सुईत पांढरा दोरा ओवला आणि हात वर केला. दोरा वर जाळीकडे ओढला जायला हवा होता. तो खाली आला, माझ्या तोंडावर. जाळीला टेकवून पाहिला. तीनदा. तीनही वेळा खाली.

उलटा फिरतोय. बाहेर ओढत नाही, बाहेरचं आत सोडतोय. आणि बाहेर हाताच्या अंतरावर ते बॉयलरचं धुराडं, त्याचा न दिसणारा विषारी वायू. सोळा कामाचे दिवस. दोरा तिनं झटकला, पण वायरी उलट्या मी जोडल्या, आणि दार रोज मी लावून घेतलं.

पंखा बंद केला. चालू की बंद, ऐकून काहीच कळलं नाही.